माझ्या कानातलं कुंकू

मी सर्व्हर बोलतोय. वरवंडजवळच्या एका वाडीतल्या डेअरीत, मागच्या खोलीत, सरकी पेंडीच्या पोत्यांशेजारी ठेवलेला काळा डबा. माझ्यावर कुणी चहाचा कप ठेवतं, कुणी टोपी ठेवतं. आज मात्र कुणी काही ठेवू नका. आज मी रागात आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. जाग आली ती सणसवाडीच्या एका कंपनीत. थंडगार खोली, काचेचं दार, चपला बाहेर. तिथं माझ्याशी कुणी गप्पा मारत नसे, पण एक माणूस रोज यायचा, माझ्या आतले आकडे बघायचा आणि मान हलवून जायचा. आपली रोज कुणीतरी विचारपूस करतं हे भाग्य असतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

पुढे कंपनीनं नवे सर्व्हर घेतले आणि आम्ही जुने भंगारात निघालो. शिरूरला ज्ञानेशचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं मला उचललं, पुसलं आणि कांद्याच्या पिकअपमधून इथं आणलं.

"चेअरमन, हत्ती आणलाय हत्ती," तो डेअरीच्या सर्जेरावांना म्हणाला.

"चारा काय खातो?" सर्जेरावांनी विचारलं.

"नुसती लाईट."

"मग उपाशीच मरंल की रं. आमच्याकडं लाईट आसती कुठं?"

सगळे हसले. मीही मनातल्या मनात हसलो. गाव मला आवडलं होतं.

माझं काम सोपं होतं. पुढच्या खोलीत काउंटर. तिथं राजनंदिनी बसायची. वाडीतल्याच म्हाळूची मुलगी, बारावी झालेली, आवाज बारीक पण नजर पक्की. शेतकऱ्यानं दूध आणलं की काट्यावर वजन व्हायचं, मशीनमध्ये फॅट लागायचं, ज्यावर दुधाचा दर ठरतो, आणि दोन्ही आकडे तारेतून माझ्याकडे यायचे. मी ते जपून ठेवायचो आणि "मिळालं" असं उलट कळवायचो. मग तिच्याकडे पावती निघायची. ही तार माझ्या पाठीवरच्या एका भोकात बसवलेली असते. तोच माझा कान आणि तीच माझी जीभ. तसलं दुसरं भोक शेजारीच होतं, पण ते रिकामं असायचं.

राजनंदिनी आठवड्यातून एकदा मला कोरड्या फडक्यानं पुसायची. पेंडीची धूळ नाकात जाऊन ती शिंकायची आणि मला म्हणायची, "तुला बी त्रास होत आसंल न्हाई का रं?" मला 'तुला' म्हणणारी ती एकटीच.

मग गेल्या वर्षीची खंडेनवमी आली.

त्या दिवशी आपल्याकडे अवजारांची पूजा करतात. नांगर, कोयता, विळा, ट्रॅक्टर, मोटार, जे हाताला भाकरी देतं त्याच्यापुढं हात जोडायचे. ही रीत मला फार चांगली वाटते. सणसवाडीत माझ्यापुढं कधी कुणी हात जोडले नव्हते. सकाळपासून मी वाट बघत होतो. सर्जेरावांचा पुतण्या गोकुळ डेअरीचा दूध गार ठेवायचा कूलर सांभाळतो. त्यानं मला ओल्या फडक्यानं पुसलं, हार नीट बसावा म्हणून पाठीतली तार उपसून बाजूला ठेवली आणि मला उलटा फिरवला. म्हणजे सगळ्यांसमोर माझं तोंड नव्हतं, पाठ होती. पाठीवर दिवे चमकतात, म्हणून त्याला तेच तोंड वाटलं.

सर्जेराव ताट घेऊन आले. फुलानं पाणी शिंपडलं. मग हळद-कुंकवाची भरलेली चिमूट मनापासून माझ्यावर टाकली. अर्धी पत्र्यावर पडली. अर्धी कानात गेली, पाण्यासकट. गोकुळनं त्याच्यावरच तार दाबून बसवली.

मला राग त्या चिमटीचा नाही. ती प्रेमाची होती. राग पुढचा आहे.

थोडे दिवस काही झालं नाही. मग ती चिमूट ओल धरू लागली. तारेच्या टोकाला ज्या बारीक पितळी पट्ट्या टेकतात, त्यांना गंज चढला. डेअरीत दूध घ्यायच्या वेळेला उकळत्या पाण्यानं कॅन धुतात. त्याची वाफ मागच्या खोलीत भरते. वाफ भरली की माझा कान बंद व्हायचा. राजनंदिनी पुढून आकडे पाठवायची, माझ्यापर्यंत ते मोडतोड होऊन यायचे. मोडका निरोप आला की मी तो फेकून देतो आणि आत एक खूण करून ठेवतो, 'एरर' म्हणतात तिला. त्या खुणा रोज वाढत होत्या. तेच माझं ओरडणं होतं. मी घसा फाटेस्तोवर ओरडत होतो.

पुढं काय व्हायचं? काउंटरवरचा पडदा गोठायचा. रांग थांबायची. दूध ओतून झालेलं, पावती निघेना. राजनंदिनी पळत मागं येऊन मला बंद करून चालू करायची, परत पुढं पळायची आणि मशीनवर दिसलेलं फॅट आठवून हातानं टाकायची. हातानं टाकलं की पावतीवर 'मॅन्युअल' छापून येतं.

त्या एका शब्दानं घात केला.

"मॅन्युअल म्हंजी?" भिमाजी आबांनी एका सकाळी पावती डोळ्याजवळ धरून विचारलं. आबांच्या गोठ्यात म्हशीच म्हशी आणि रांगेत त्यांचा शब्द मोठा.

"हातानं टाकलंय आबा. नेट गेलं व्हतं."

"नेट बरं माझ्याच येळंला जातं?"

"सगळ्यांच्याच जातंय आबा."

"मग म्हाळूच्या गाईला कसं झकास फॅट लागतंय? सोन्याचा चारा घालतुयास का रं म्हाळू?"

रांग हसली. म्हाळू तिथंच होता, हातात किटली. एका गाईचा मालक अशा वेळी काय बोलणार? राजनंदिनीचे कान लाल झाले. तिनं पुढच्या माणसाची किटली घेऊन काट्यावर ठेवली.

ज्ञानेशला बोलावलं. तो यायचा दुपारी, दुकान उरकून. दुपारी कॅन धुतलेले, वाफ गेलेली, खोली कोरडी. मी ठणठणीत. तो दोन बटणं दाबायचा आणि म्हणायचा, "सगळं ओके हाय चेअरमन." पुन्हा बोलावलं, पुन्हा दुपारी आला. तारा जोडायचा छोटा डबा बदलला. मग तार बदलली. नवी तार बसवताना तिच्या टोकानं माझ्या कानातला गंज थोडा खरवडला आणि काही दिवस मला स्वच्छ ऐकू आलं. मग पुन्हा तेच. गावानं त्यातून काय अर्थ काढला? तार नवी, डबा नवा, दुपारी सगळं चालतं, फक्त ती पोरगी बसली की बंद पडतं. म्हणजे खोट पोरीत.

अहो, ती बसते तेव्हाच तर दूध येतं! दुधाच्या वेळेलाच वाफ असते! एवढं साधं गणित. आणि माझ्या आत आकडा लिहिलेला. बघायला कुणी तयार नाही. म्हैस दूध देईना तर आधी तिची कास बघता, तोंड उघडून दात बघता. मग माझ्या पाठीमागं वाकून बघायला तुमची कंबर का दुखते? माणसावर आळ घ्यायला मात्र वाकावं लागत नाही.

शेवटी एका सकाळी भिमाजी आबा भर रांगेत म्हणाले, "चेअरमन, चोर काउंटरवर बसवून आमी दूध घालायचं का?"

"चोर कुणाला म्हणताय आबा?" राजनंदिनी उभी राहिली.

"नाव कशाला घ्यायला लावतीस पोरी?"

सर्जेरावांनी तिची बाजू घ्यायला हवी होती. तिच्या कामाला ते कधी नावं ठेवू शकले नव्हते. पण पुढच्या वर्षी डेअरीची निवडणूक होती आणि आबांच्या मागं अर्धी वाडी. ते इतकंच म्हणाले, "राजनंदिनी, जरा घरी थांब. बघू मग."

ती गेली. जाताना मागच्या खोलीत पिशवी घ्यायला आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू तरी सांग की रं." मी सांगतच होतो. मला ओठ नाहीत.

तिच्या खुर्चीवर गोकुळ बसला. त्याच्याही पावत्यांवर 'मॅन्युअल' यायला लागलं. तोही पळत यायचा, मला शिव्या देत बंद-चालू करायचा. आणि रांग काय म्हणाली?

"जुनं मशीन हाय. गोकुळ बिचारा काय करंल?"

हे ऐकलं तेव्हा माझ्या आतला पंखा नुसता घोंघावत होता. तोच शब्द, तीच पावती. पोरगी बसली तर चोर, चेअरमनचा पुतण्या बसला तर बिचारा!

गोकुळ मात्र कटकटीला कंटाळला. त्यानं ज्ञानेशला दम दिला, "दुपारी यिऊ नगंस. दुधाच्या टायमाला ये आन् माज्या शेजारी बस."

ज्ञानेश आला. रांग लागली, वाफ चढली, पडदा गोठला. तेव्हा तो पहिल्यांदा माझ्यासमोर नीट बसला आणि सणसवाडीचा माणूस रोज विचारायचा तोच प्रश्न त्यानं मला विचारला: एरर किती? मी आकडा दाखवला. त्यानं परत विचारलं. आकडा वाढलेला. परत विचारलं, आणखी वाढलेला.

"आयला, ह्यो तर कवाचा बोंबलतोय!" तो म्हणाला.

त्यानं तार उपसली, मोबाईलची बॅटरी लावून आत बघितलं. मग सर्जेरावांना हाक मारली.

"चेअरमन, हे लाल-पिवळं काय हाय?"

सर्जेराव वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"कुंकू," ते म्हणाले.

ज्ञानेशनं तार शेजारच्या रिकाम्या भोकात बसवली. पडदा हलला, पावती निघाली. त्या दिवसापासून एकदाही अडकलो नाही. एवढंच काम होतं.

सर्जेरावांनी दार लोटून घेतलं. "ह्ये बाहेर बोलायचं न्हाई. देवाच्या कुंकवानं मशीन बिघडलं म्हणायचं व्हय? लोक मलाच हसतील."

दुसऱ्या दिवशी त्यांनी राजनंदिनीला बोलावलं, पुढच्या नाही, मागच्या खोलीत.

"तुजी काय चूक न्हवती पोरी. मशीनचीच खोट निघाली. उद्यापास्नं ये. खुर्ची तुजीच हाय."

"आप्पा, ह्ये मला कशाला सांगताय? मला तर पयल्यापास्नं ठाव हाय," ती म्हणाली. "मला चोर रांगंत म्हणलं. ह्ये बी रांगंत सांगा."

"आगं झालं गेलं. कशाला उगं उकरायचं?"

"एकच वाक्य हाय आप्पा."

सर्जेराव माझ्याकडे बघत राहिले, जणू मी काही सुचवीन. मग ती चप्पल घालून निघून गेली. आता ती सणसवाडीला एका कंपनीत पॅकिंगला जाते, तिथंच खोली घेऊन राहते. म्हाळू दूध दुसऱ्या गावाला घालतो. किटली सायकलला बांधून डेअरीसमोरूनच जातो, वळून बघत नाही. रांगेला अजून वाटतं की त्याची पोरगी चोर होती.

आज पुन्हा खंडेनवमी आहे. ज्ञानेशनं येऊन पूजेपुरती तार काढली आणि माझ्या दोन्ही कानांवर चिकटपट्टी लावली. गोकुळनं कोरडं फडकं फिरवलं. सर्जेराव ताट घेऊन आले. पाणी शिंपडलं नाही. करंगळीच्या टोकावर कणभर कुंकू घेतलं, श्वास रोखला आणि माझ्या कपाळावर, अगदी कपाळाच्या मधोमध, हळूच टेकवलं. एक कण इकडेतिकडे जाऊ दिला नाही. पुढच्या खोलीत रांग उभी होती, भिमाजी आबा पुढंच होते. दार उघडं होतं.

चेअरमन, एका डब्याला डाग लागू नये म्हणून तुमचा हात एवढा जपतो. मला हे कुंकू नको. पुसून टाका. दार उघडंच आहे. चार पावलं पुढं जा आणि ते एक वाक्य बोला.