यंत्रातली ऊब

मेलवीथी रस्त्यावरच्या सीतारामरावांच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पापनाशम गावाहून लोक बस धरून आले होते. कशाला? तर कंप्युटरमध्ये येऊन बसलेला मेलेला माणूस पाहायला. देवळाचं एवढं मोठं गोपुर बाराही महिने उभं आहे, त्याच्याकडे मान वर करून कोणी बघत नाही. भूत म्हटलं की मात्र सगळ्यांना सवड मिळते.

१९९८ सालची ही गोष्ट. सीतारामरावांचा मुलगा मुरलीकृष्ण उन्हाळ्यात तापानं गेला. ताप चढत होता आणि घरात मांत्रिक नटराजसामींचा अंगारा लावणं चाललं होतं. इस्पितळात नेलं तेव्हा उशीर झाला होता. "आयुष्यच तेवढं," सामी म्हणाले आणि मोकळे झाले.

मागे राहिली बायको अखिला आणि मुरलीचा कंप्युटर. त्यावर लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवून ती घर चालवायची. पण नवरात्रात हत्यारं-यंत्रं पुजतात त्या आयुधपूजेपासून विपरीतच सुरू झालं. ती कामाला बसली की थोड्या वेळात पडदा गोठायचा. कंप्युटर लगेच पुन्हा लावला तर उठायचा नाही. जेवणं उरकून आलं की मुकाट्यानं चालायचा. त्याचा पत्र्याचा डबा चांगलाच तापायचा. अखिला त्यावर तळवा ठेवून बसून राहायची. तेवढीच ऊब तिला उरली होती.

सामींनी निदान केलं. "विंडोज म्हणजे काय? खिडकी! आत्मा खिडकीतून आत शिरला. बायकोचा हात लागला की तळमळतो, तापतो. अमावास्येला तिरुवैयारूला नेऊन कावेरीत सोडा, सुटेल बिचारा."

आज अमावास्या होती. सामींनी बंद कंप्युटरसमोर तासभर मंत्र म्हटले आणि बटण दाबलं. पडदा उजळला. "आला! आला!" लोकांनी हात जोडले.

अखिला पुढे सरकली. "सामी, मी हात लावला नाही तर ते राहतील ना?"

"घरातल्या कोणाचाही हात लागला नाही, तर तो शांत राहील, अम्मा."

"मग नदीत नका टाकू. मी आयुष्यात शिवणार नाही. नुसती समोर बसेन."

"अगो अखिला, वेड्यासारखं काय बोलतीस?" सीतारामराव रडत होते. "त्याला सुटू दे की."

"थोडा वेळ बसू द्या, मामंजी. पाया पडते."

ती हात मांडीखाली घेऊन बसली. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ चालत होतं, त्यावर तिचे डोळे खिळले. थांबू नका, थांबू नका, असं ती मनातल्या मनात विनवत होती. कोणी जवळ गेलं नाही, कोणी बोट लावलं नाही. आणि तरीही घड्याळ थांबलं.

"मी शिवले नाही," अखिला पुटपुटली. मग उठून मोठ्यानं म्हणाली, "सगळ्यांनी पाहिलंत ना? मी शिवले नाही!"

"तुझी सावली पडली," सामी घाईनं म्हणाले.

तिनं ऐकलंच नाही. वीज बंद केली, मुरलीचा स्क्रूड्रायव्हर आणला आणि पत्रा काढला. आतल्या छोट्या पंख्यावर गंधाचा जाड थर सुकून दगड झाला होता. पातं बोटानं ढकललं तरी हललं नाही.

ते गंध अखिलानंच लावलं होतं. दर आयुधपूजेला मुरली डबा उघडून आतल्या कडेला गंधाचं बोट टेकवायचा. म्हणायचा, काम आतला करतो, मान पत्र्याला कशाला? यंदा त्याच्यामागे तिनं स्वतः डबा उघडला आणि त्याच्या आठवणीनं, भरल्या डोळ्यांनी, खाली काय आहे ते न बघता ओंजळभर गंध मधोमध थापलं.

"ह्या पंख्याखाली कंप्युटरचं डोकं आहे," ती म्हणाली. "ह्यांनीच मला दाखवलं होतं. काम करताना ते तापतं, पंखा त्याला वारा घालतो. वारा बंद झाला की ताप चढतो आणि ते थांबतं. निवलं की पुन्हा चालतं. सामी, तुम्ही तासभर मंत्र म्हणता, तेवढ्यात ते निवतं. लावा बोट."

सगळे बघत होते, म्हणून सामींनी पंख्याखालच्या धातूला बोट लावलं आणि "अय्यो!" करून तोंडात घातलं. ओसरीवर हशा पिकला. हसू ओसरेपर्यंत सामी आपल्या चपला शोधत होते.

अखिलानं गंध खरवडलं, ओल्या फडक्यानं पाती पुसली, सगळं वाळू दिलं आणि शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडला. पंखा फिरला. ती लग्नपत्रिकेचा मजकूर जुळवत बसली. दिवेलागण झाली तरी घड्याळ चालूच होतं.

मग तिनं डब्यावर तळवा ठेवला. ऊब नव्हती. तेव्हा कुठे ती मोठ्यानं रडली.

सीतारामराव जवळ आले. "आपला मुरली नव्हता की गो त्यात?"

"नव्हते, मामंजी. ताप होता नुसता." तिनं डोळे पुसले. "तापाला कारण असतं. ते वेळेवर शोधायचं असतं. यंत्राचं आज शोधलं. त्यांचं आपण शोधलंच नाही."

म्हाताऱ्यानं कोनाड्यातली सामींच्या अंगाऱ्याची डबी उचलली आणि बाहेर जाऊन गटारात रिकामी केली.