चार पन्नासपर्यंत

“पप्पा, लायसन नंबर सांगा,” समीक्षा लॅपटॉपवरची मान न उचलता म्हणाली.

सुकुमार बशीत चहा ओतत होता. “कसलं लायसन?”

“गाडी चालवायचं. त्याबिगर मॉरिशसला गाडी भाड्यानं मिळत न्हाई. कोण चालवणार त्याचं नाव आन् लायसन नंबर, दोन्ही लागतंय.”

सुकुमारनं बशी खाली ठेवली. स्वयंपाकघराच्या दारात भांडं पुसत उभ्या असलेल्या सोनमनं, त्याच्या धाकट्या भावाच्या बायकोनं, ते नेमकं पाहिलं. चहा न पिता बशी खाली ठेवणारा थोरला दीर तिला पंधरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच दिसला.

आता यातली गंमत अशी की सुकुमार तीस वर्षं गाडी चालवत होता आणि लायसन त्यानं कधी काढलंच नव्हतं. खरेदी-विक्री संघाचा चेअरमन, पांढरी मोठी गाडी, पुढच्या काचेवर संघाचं नाव. पलूसपासून सांगलीपर्यंत त्याला अडवणार कोण? “आपलं तोंड हेच लायसन,” असं तो चारचौघांत हसत सांगायचा. मॉरिशसमध्ये त्याचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं, एवढीच काय ती अडचण.

आणि गाडीवाचून चालण्यासारखं नव्हतं. ही सगळी सहल चंपाबाईंच्या, म्हणजे सुकुमारच्या आईच्या पंचाहत्तरीची. म्हातारी पक्की जैन धर्माची. सूर्य मावळला की तोंडात पाण्याचा थेंब घ्यायची नाही, आणि पाणीही गाळून घेतलेलंच. मे महिन्यात मॉरिशसला पावणेसहाला दिवस मावळतो, आणि तिथल्या सहलीच्या बसा हॉटेलवर आणून सोडणार साडेसहाला. म्हणजे आठही दिवस म्हातारी रात्रीची उपाशी. आपली गाडी असली तर चार वाजता माघारी फिरता येईल, असा सुकुमारचाच हिशेब होता, आणि तो त्यानं गावभर सांगूनही झाला होता.

“मग डायवरसकट गाडी घ्या की,” सोनमचा नवरा भरतेश म्हणाला.

“नको गं बाई,” चंपाबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. “परमुलखातला डायवर काय खातोय, काय पितोय, आन् त्याच गाडीत माझा डबा. मला चालायचं न्हाई.”

“तू चालव मग,” सुकुमार भावाला म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्यालाच आठवलं. भरतेशला गाडी येत नव्हती. थोरल्यानं जन्मात कधी त्याच्या हातात स्टिअरिंग दिलं नव्हतं.

“काकूचं हाय की लायसन,” समीक्षा म्हणाली. पोरीला बिचारीला काय माहीत.

सगळ्यांनी दाराकडं पाहिलं. सोनम भांडं पुसतच राहिली. या क्षणाची तिनं सहा वर्षं वाट पाहिली होती, आता अर्धं मिनिट त्यांना वाट पाहायला लावली तर कुठं बिघडलं?

सोनम शिराळ्याची. बाप वडाप चालवायचा, शिराळा ते इस्लामपूर, जीपमध्ये दहाच्या जागी सोळा माणसं कोंबून. लेकीला त्यानं सोळाव्या वर्षी गाडी शिकवली आणि अठरा पुरी होताच लायसन काढून दिलं. पलूसला आल्यावर ते लायसन तिनं साड्यांच्या घडीत ठेवलं आणि शाळेत क्लार्क म्हणून स्कूटीवरून जाऊ-येऊ लागली. गाडीची तिला हौस नव्हती. पंधरा वर्षांत तिनं एकदाच किल्ली मागितली होती, सहा वर्षांपूर्वी.

त्या दिवशी दुपारी सव्वादोनला माहेराहून फोन आला, आईचं शेवटचं आहे, लगेच या. भरतेश सांगलीला बाजारात. गाडी अंगणात उभी, सुकुमार झोपाळ्यावर. सोनम त्याच्यापुढं पदर सावरत उभी राहिली. “दादा, किल्ली द्या, न्हाईतर तुमी तरी सोडा.” तो म्हणाला, “मला भेटाय मानसं येनार हायत. आन् बाईच्या हातात गाडी दिली, कुटं धडकवली, तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. यष्टी हाय की.” चंपाबाई तिथंच गहू निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

अडीचला ती बाहेर पडली. इस्लामपूरला एसटी चुकली म्हणून वडापमध्ये बसली, आणि वडापवाल्याच्या लेकीला वडाप भरेपर्यंत ताटकळावं लागलं. तीन सीटा राहिल्यात, दोन राहिल्यात, एक राहिलीय. साडेपाचला घरी पोचली. आई चार पन्नासला गेली होती. शेवटपर्यंत दाराकडं बघत “सोनम आली का” विचारत होती म्हणे.

तेव्हापासून तिनं डूख धरला. सुकुमार कधी थट्टेत म्हणायचा, “शिराळ्याची पोरगी, नागाच्या गावची, जपून राहा रं.” ती हसायची आणि त्याला चहा द्यायची. चहात थुंकायचं तेवढं तिनं बाकी ठेवलं होतं.

“चालवीन की,” सोनम आता म्हणाली. “पण बाईच्या हातात परमुलखात गाडी द्यायची, तर आदी तुमची खात्री व्हाय नको? उद्या रविवार हाय. अडीचला निगू. शिराळ्यापतूर जाऊन येऊ. दादा आन् आत्ती, तुमी दोगंच.” सासूला ती आत्ती म्हणायची.

अडला हरी, दुसरं काय. सुकुमारनं खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर सरकवली.

“टेबलानं दिली का गाडी?” सोनम म्हणाली. “हातात द्या.”

भरतेश खाली बघू लागला. सुकुमार उठला, चार पावलं चालून आला आणि तिच्या ओल्या तळहातावर त्यानं किल्ली ठेवली.

दुसऱ्या दिवशी बरोबर अडीचला गाडी फाटकाबाहेर पडली. चंपाबाई पुढं, मांडीवर गाळलेल्या पाण्याची स्टीलची बाटली. सुकुमार मागं. स्वतःच्या गाडीच्या मागच्या सीटवर तो कधी बसला नव्हता. पाय कुठं ठेवावेत तेही त्याला सुधरेना. सोनमनं घाई केली नाही. ट्रॅक्टरमागं निमूट थांबली, वळणावर हॉर्न दिला, गतिरोधकावर म्हातारीला हिसका बसू दिला नाही. इस्लामपूरच्या स्टँडपाशी वडाप उभे होते. तिनं तिकडं पाहिलं नाही.

शिराळ्यात तिच्या माहेरच्या गल्लीत गाडी थांबली. भावानं घर विकून तीन वर्षं झाली होती. नव्या मालकानं दाराला निळा रंग दिला होता. सोनमनं इंजिन बंद केलं.

“चालवतीस बरी,” सुकुमार मागून म्हणाला. “चल, चहा घिऊन माघारी फिरू.”

“किती वाजलं दादा?”

“तीन पस्तीस.”

“चार पन्नासला निगू.”

“तवर काय करायचं?”

“बसायचं.”

चंपाबाईंनी एकदम तिच्याकडं पाहिलं. म्हातारीला लगेच कळलं. सोनमच्या आईच्या बाराव्याला सगळ्या बायकांच्या तोंडी तीच वेळ होती.

ऊन काचेवर आलं. सुकुमारचा सदरा पाठीला चिकटला. दहा मिनिटांनी त्यानं दाराला हात घातला.

“उतरा की,” सोनम आरशात बघून म्हणाली. “मग मॉरिशसला मी येत न्हाई. सहलीच्या बसनं फिरा आन् आत्तींना उपाशी झोपवा. वडाप भरस्तवर मीबी अशीच बसले हुते दादा. मला उतराय येत नव्हतं.”

त्यानं दारावरचा हात काढला.

निळ्या दारातून एक बाई बाहेर आली. “कोण पायजे?”

“कोण न्हाई,” सोनम म्हणाली. “थांबलोय जरा.”

बाई आत गेली. सव्वाचारच्या पुढं कधीतरी सुकुमार हळू आवाजात म्हणाला, “म्हंजी तवा गाडी दिली असती, तर सव्वा तास…”

“व्हय. सव्वा तास.”

त्याच्या तोंडून हे ऐकायची तिनं सहा वर्षं आस धरली होती. ऐकून जीव गार होईल असं वाटलं होतं, आणि झालाही थोडा, खोटं कशाला बोला. त्याची मान खाली गेलेली आरशात दिसत होती आणि ती तिनं डोळे भरून पाहिली. पण आजवर तिच्या मनात एक फट होती. गाडी मिळाली असती तरी वाटेत उशीर झाला असता, टायर पंक्चर झाला असता, आपण पोचलोच नसतो, असं रात्री स्वतःला सांगता येत होतं. आज तिनं स्वतःच्या हातानं ती फट बुजवली. ती पोचली असती. आईचा हात सव्वा तास तिच्या हातात असता.

चार पन्नास झाले. सोनमनं किल्ली फिरवली.

“फारमावर तुजं नाव घालतो,” सुकुमार म्हणाला. “चुकलं माजं.”

“नाव घाला,” ती म्हणाली. “तितंबी मागंच बसायचं.”

‘चुकलं’ हा शब्द त्याचा त्यानं ठेवावा, असं तिला मनापासून वाटलं.

गाव सुटल्यावर ती सासूला म्हणाली, “आत्ती, सहाला पोचतोय. दिवस मावळाय लय वेळ हाय. जेवण हुईल तुमचं.”

चंपाबाई समोरच्या रस्त्याकडं बघत होत्या. “आज मला उपास हाय.”

“आज कसला उपास?”

“त्या दिवशी मी गहू निवडत हुते,” म्हातारी म्हणाली. “एक शबुद बोलले न्हाई.”

सोनमनं वेग वाढवला नाही आणि कमीही केला नाही. सहाला गाडी अंगणात उभी राहिली तेव्हा दिवस चांगला हातभर वर होता. चंपाबाई मांडीवरची बाटली घेऊन उतरल्या. दुपारी भरली होती तशीच ती भरलेली होती.