काटे काढलेला मासा

पीयूषला मासा खाता यायचा, काटे काढता यायचे नाहीत. येणार कुठून? नारायणगावच्या जैन व्यापाऱ्याचं पोर, घरात कांदा-लसणाचीसुद्धा चोरी. दर उन्हाळ्यात आहुप्याच्या खालच्या अंगाला नदीकाठी तंबू पडला, की सुदर्शन बोटांनी काटे काढायचा आणि हा गडी तान्ह्या पोरासारखा मिटक्या मारत खायचा. पीयूषच्या आईने, धापूबाईंनी, दिलेल्या पुऱ्यांचा डबा सुदर्शन आणि आहुप्याचा जानकू फस्त करायचे. कॉलेजपासूनचं हे गुपित, तिघांच्या बाहेर कधी गेलं नव्हतं.

यंदा मात्र सुदर्शनचं लक्ष गळाकडे नव्हतं. त्याची बायको श्रेया पोटुशी होती. नारायणगावच्या दवाखान्यात नर्स, आणि शिनोलीहून रोजचं जाणं-येणं वडापच्या जीपमध्ये कोंबून. डॉक्टरीणबाईंनी दम दिला होता, हे धक्के बंद करा, नाहीतर पोर हाती लागायचं नाही. आधीचं एक असंच गेलेलं. पीयूषच्या घरावरची खोली रिकामी होती. "ती तुझीच समज राव," असं दिवाळीत तोच म्हणाला होता, आणि तेव्हापासून नुसतं "बघू, बघू."

ऊन उतरलं. जानकू नदीवर भांडी घासायला गेला. सुदर्शनने पहिला घास पीयूषच्या हातावर ठेवला आणि विचारलं, "खोलीचं काय ठरलं मग? श्रेयाचं लई अवघड झालंय."

पीयूषने घास चावला. "माझं काही नाही रे भाऊ. पण मम्मी नको म्हणते. तुमच्यात मासे-मटण चालतं ना."

घ्या! तोंडात मासा आणि वर हे बोलणं! हसावं की एक ठेवून द्यावी, सुदर्शनला कळेना. पण आईचंच मन नसेल तर हा तरी काय करणार, म्हणून त्याने राग गिळला. भोळा माणूस, पुन्हा काटे काढायला बसला.

तेवढ्यात फोन वाजला. रेंज फक्त त्या एका खडकापाशी यायची, म्हणून चूलही तिथेच मांडलेली. स्क्रीनवर 'मम्मी'. मासा खाल्लेल्या तोंडाने आईशी बोलायचं नाही, हा पीयूषचा नेम. अशा वेळी फोन सुदर्शनच घ्यायचा. सवयीने पीयूषने फोन पुढे केला, मग एकदम चपापला. पण फोन सुदर्शनच्या हातात गेला होता.

"काकू, सुदर्शन बोलतोय. जेवला त्यो, पुऱ्या खाल्ल्या."

"बरं झालं. पण काय रे, खोली का नको म्हणालास? पीयूष सांगत होता, तुम्हाला मंचरला राहणं बरं पडतंय. मी चुना मारून ठेवला होता. तुमची चूल वेगळी, मी कशाला त्यात डोकावू? ह्या दिवसांत पोरीला जीपमधून नको हिंडवू बाबा."

सुदर्शनने पीयूषकडे पाहिलं. तो तेलकट हात जोडून बसला होता.

"चुकून तसं बोललो व्हतो काकू. आमी येतो. सोमवारीच सामान आणतो."

फोन ठेवून त्याने एवढंच विचारलं, "का रं?"

पीयूष खाली बघत पुटपुटला, "तू रोज मम्मीसमोर असणार. कधीतरी तुझ्या तोंडातून निघून गेलं तर?"

"इतकी वर्सं तुझ्यापायी त्या माउलीला खोटं मी सांगितलं. आत्ता ह्या घटकंलाबी सांगितलं. आन् तू माझ्याच तोंडाला भ्यालास? माझं पोर गेलं असतं राव!"

जानकू भांडी घेऊन वर आला आणि दोघांची तोंडं बघून चुलीपाशी बसला.

सुदर्शनने काटे काढलेला सगळा मासा जानकूला वाढला. एक अख्खा तुकडा, काट्यांसकट, पीयूषपुढे सरकवला.

"खा. तुझं गुपित माझ्याकडनं फुटायचं न्हाई. पण हितनं पुढं काटे तुझे तू काढ."

पीयूषने तुकडा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि तसाच खाली ठेवला. एव्हाना सूर्य बुडाला होता, आणि सूर्य बुडाल्यावर त्याच्या जैन घरात कोणी जेवत नाही. नदीवर तो नियम त्याने आजवर कधी पाळला नव्हता, त्या दिवशी पाळला.