टेबलावरचा बाप

आमच्या लिथुएनियात प्रत्येक माणूस बास्केटबॉलचा कोच असतो; पगार तेवढा मला मिळतो. त्यातही मिंगाइलेचा बाप वैदोतास म्हणजे कहर. ट्रॅक्टर दुरुस्त करतो, आवाजही इंजिनाच्या वर चढणारा. "कोपर वर! अगं पाय बघ! दे ना पास!" पोरगी प्रत्येक फेकीआधी गॅलरीकडे बघायची आणि हमखास चुकायची. सरावाला बाप नसायचा, तेव्हा मात्र तिच्या तोडीचं कुणी नव्हतं.

गुरुवारी ती बूट हातात घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. "कोच, शनिवारच्या मॅचला बाबा पुन्हा ओरडला ना, तर मी खेळ सोडणार. त्याला सांगू नका हं, रडेल तो."

माझा जीव टांगणीला लागला. दोघांचाही राग आला.

शनिवारी मी वैदोतासला दारातच गाठलं. "बिरुते आजारी पडलीय. तिच्याऐवजी गुणलेखनाच्या टेबलावर बसून फाउलचे आकडे दाखवायला कुणी नाही. नियम तुझ्याइतके कुणाला पाठ आहेत?"

गडी फुलला. खुर्चीत बसतो न बसतो तोच पंचांनी दम भरला, "टेबलावरच्या माणसानं कुणाची बाजू घ्यायची नाही. एक शब्द ऐकू आला तर उठवीन."

वैदोतासनं माझ्याकडे बघितलं. मी बुटाची नाडी बांधायला वाकले.

मिंगाइलेनं सवयीनं दोनदा गॅलरीकडे पाहिलं. तिथं बाप नव्हता. मग ती खेळायला लागली, आणि काय खेळली! मधेच तिचा चौथा फाउल झाला. आणखी एक झाला की बाहेर. बापाला स्वतःच्या हातानं चारची पाटी वर धरावी लागली. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड झालं होतं, पण धरली.

शेवटी गुण बरोबरीत, काही सेकंद उरलेले आणि मिंगाइलेला दोन फ्री थ्रो. पहिला कडीवर आपटून बाहेर गेला. तिनं टेबलाकडे बघितलं. वैदोतासनं पाटी दातांत धरली होती, डोळे वटारलेले, चेहरा लालभडक. ती फिस्सकन हसली. फ्री थ्रोच्या रेषेवर तिला हसताना मी कधीच पाहिलं नव्हतं. तिथंच माझ्या छातीवरचा दगड उतरला. दुसरा चेंडू जाळीत पडला ते नंतर.

मॅच संपल्यावर दारापाशी बिरुते लसूण लावलेला तळलेला पाव मजेत खात उभी होती. वैदोतास थबकला.

"बरी झालीस वाटतं?"

बिरुतेचा घास तोंडातच राहिला. मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. तो माझ्याकडे वळला, मग लेकीकडे. दातांच्या खुणा उमटलेली पाटी अजून त्याच्या काखेत होती.

"पुढच्या शनिवारीही हिला आजारी पाडा," तो म्हणाला. "आज पहिल्यांदा पोरीचा खेळ बघितला मी."

मिंगाइलेनं बूट त्याच्या हातात दिले. "वेळेवर ये, बाबा. आणि पाटी पुसून ठेव."