विहिरीकडचं बेट

साजिदा अजूनही म्हणते, टेस्ट चुकली नव्हती. मला त्याचाच संताप येतो, कारण ती खरं बोलते. टेस्ट चुकली असती तर शिव्या घालायला निदान कोणीतरी सापडलं असतं.

आमचं घर भिवंडीजवळच्या वळ गावात. घरामागे बाबांची केळीची वाडी होती. बाबांचं नाव नवशा, पण वाडीची खरी मालकीण माझी आई, आनंदीबाई. ती वसईकडची. लग्न होऊन आली तेव्हा माहेराहून राजेळी केळीचे मुनवे घेऊन आली होती. मुनवा म्हणजे केळीच्या बुडाशी फुटलेलं पिल्लू. ते खणून दुसरीकडे लावलं की नवं बेट तयार होतं. राजेळी पिकली की आई ती सोलून वाळवायची आणि तिची सुकेळी करायची. तिच्या माहेरच्या वाड्या मागेच गेल्या, तिथे इमारती उभ्या राहिल्या. ती केळ उरली होती फक्त आमच्याकडे. आई गेल्यावर बाबा त्या वाडीत जितकं बोलत तितकं घरात बोलत नसत.

मग वळमध्ये गोदामं आली. आमच्या वाडीच्या तिन्ही बाजूंना पत्र्याच्या भिंती उभ्या राहिल्या आणि काकांनी सामायिक जमीन विकायच्या कागदांवर सह्याही करून टाकल्या. बाबा भांडले, रुसले आणि शेवटी थकले. जमीन जाणार हे त्यांनी मान्य केलं, पण आईची केळ जाऊ द्यायला ते तयार नव्हते.

"चंद्रा, येत्या पावसात मुनवे तुझ्या सासरी नेऊन लाव," ते मला म्हणाले. "तुझ्या आयशीनं आनली, तू नेलीस. तेवढी जगली म्हंजे मी सुटलो."

माझं सासर अनगावला. सासरे केसरीनाथ यांची स्वतःची वेलची केळीची वाडी होती आणि त्या वाडीवर त्यांचा भारी जीव. त्यांनी कानावर घातलं की वळशेजारच्या राहनाळात एकाच्या केळींना रोग लागलाय. शेंड्याची पानं आखूड होतात, एकमेकांत आवळून उभी राहतात आणि घड काही धरत नाही. "तुझ्या बापाची केळ चांगली असेल तर खुशाल आण," ते म्हणाले. "पण आधी खात्री करून घे." यात त्यांचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

खात्री करायला साजिदा होतीच. ती फखरुद्दीनशेठची मुलगी. त्यांचे लूम भिवंडीत, आणि आम्ही दोघी शाळेत एका बाकावर बसायचो. मी दहावीनंतर शिकणं सोडलं, ती मात्र शिकत राहिली. आमच्या गोष्टीच्या वेळी, म्हणजे सत्त्याण्णव साली, ती मुंबईच्या एका प्रयोगशाळेत याच रोगावर काम करत होती. तालुक्यात रोग कुठून कुठे सरकतोय हे तिला गावागावातली पानं तपासून पाहायचं होतं. घरी सगळे तिच्या निकाहाच्या गोष्टी करत आणि ही बाई केळीची पानं बर्फात घालून बसने मुंबईला नेत असे.

"दिसायला ठणठणीत झाडातसुद्धा रोग असू शकतो," तिनं मला समजावलं होतं. "डोळ्यांनी बघून काय कळणार? माझ्याकडे व्हायरसच्या डीएनएचा एक छोटासा तुकडा असतो. पानाच्या रसात त्याचा जोडीदार असला, तर हा तुकडा त्याला जाऊन चिकटतो. मग फिल्मवर काळा ठिपका उठतो. नसला, तर फिल्म कोरी."

एप्रिलमध्ये ती वळला आली. येताना प्रत्येक बेटासाठी नंबर घातलेली एकेक पिशवी घेऊन आली. ती वाडीकडे निघाली तेवढ्यात बाबांनी तिला अडवलं. आमच्याकडे पाहुण्यानं पान कापायचं नसतं. घरच्या माणसानं कापायचं आणि पाहुण्याच्या हातात द्यायचं. वाडीत पाहुण्यानं कोयता धरला म्हणजे घरच्याची लाज गेली.

"तू बस गं पोरी. चाय पी. मी देतो कापून," बाबा म्हणाले.

साजिदानं त्यांना नीट सांगितलं, मी साक्षीला होते. "काका, प्रत्येक बेटाचं वेगळं पान हवं. बांधाकडून ओळीनं मोजा, या नंबरच्या पिशवीत त्याच नंबरच्या बेटाचं." बाबांनी मान डोलावली आणि पिशव्या घेऊन गेले. आम्ही अंगणात चहा पीत शाळेतल्या बाईंच्या नकला करत बसलो आणि पोट धरून हसलो. बाबा भरलेल्या पिशव्या घेऊन आले, पानांचे तुकडे कसे हिरवेगार, तुकतुकीत होते. साजिदानं त्यांना थँक्यू म्हटलं, तेव्हा बाबा नव्या नवरीसारखे लाजले होते.

फिल्म कोरी आली. एकही ठिपका नाही. साजिदा स्वतः ती फिल्म घेऊन वळला आली आणि उजेडाकडे धरून तिनं बाबांना दाखवली. त्या पावसात आम्ही वाडीतल्या जवळजवळ सगळ्या बेटांचे मुनवे खणून अनगावला नेले. एक विहिरीकडचं बेट तेवढं सोडलं, कारण त्याला तेव्हा नवे मुनवे फुटलेले नव्हते. बाबांनी प्रत्येक मुनवा आपल्या हातानं लावला. केसरीनाथांनी त्यांना आपल्या वेलचीच्या शेजारची चांगली जागा दिली. व्याही-व्याही मांडीला मांडी लावून जेवले. बाबांना इतकं खूश मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

दसऱ्याच्या सुमारास नव्या राजेळीची पानं आखडायला लागली. मी आधी पाण्याला दोष दिला, मग खताला, मग नवऱ्याला. पण पानं अरुंद होत गेली, कडा पिवळ्या पडल्या आणि शेंडा आवळून बसला. मावा, तो बारीक काळा किडा, एका केळीवरून दुसरीवर जातो आणि रोग घेऊन जातो. दिवाळी झाली तोवर सासऱ्यांच्या वेलचीलाही तेच झालं. केसरीनाथ रोज सकाळी वाडीत जाऊन उभे राहत आणि काही न बोलता परत येत. एक दिवस मात्र त्यांच्या तोंडून निघून गेलं, "सुनेनं माहेरून काय आनलं, तं रोग."

मी उलट बोलायला कधी मागेपुढे बघत नाही. त्या दिवशी मात्र मी घागर उचलून पाण्याला गेले.

साजिदा अनगावला आली. या खेपेला तिनं कोणालाच कोयता धरू दिला नाही, सगळी पानं स्वतः कापली. फिल्मवर काळे ठिपके उठले, ओळीनं. तिनं वळच्या पानांचा फ्रीजरमध्ये ठेवलेला जुना रस काढून पुन्हा तपासला, तर तो पुन्हा कोरा. बिचारीला वाटलं, आपल्याच हातून काहीतरी घोटाळा झाला. ती चार लोकांत तोंड उघडेना.

"चंद्रा, काकांना एकदा विचार ना," ती शेवटी म्हणाली. "त्या दिवशी पानं कशी कापली?"

मी वळला गेले. बाबा अंगणात दोरी वळत बसले होते. मी विचारलं तसं त्यांनी सरळ सांगून टाकलं, लपवण्यासारखं त्यात काही होतं असं त्यांना वाटतच नव्हतं.

"सगली इहिरीकडच्या बेटाची दिली."

"सगळी? बाबा, पिशव्यांवर नंबर होते!"

"नंबर तिनं घातले व्हते. पान तं आपल्याच वाडीचं ना? दोन-चार बेटांची पानं कडंला पिवली व्हती. ती मुंबईला नेनार, मोठ्या सायबांना दाखवनार. परक्याच्या पोरीच्या हातात पिवलं पान देऊ? तुझ्या आयशीनं मना घरात घेतलं असतं का?"

मी कपाळावर हात मारला. फाटकं किंवा डागाळलेलं पान बाबांनी जन्मात कोणाच्या हातावर ठेवलं नव्हतं, तसलं पान ते गुरांना घालत. गावात कोणाकडे कार्य असलं की लोक पानांसाठी आमच्याकडेच येत ते याचमुळे. माणूस मुलगी दाखवताना चांगलं लुगडं नेसवतो, तशी बाबांनी आपली वाडी दाखवली होती. परीक्षेला जे दाखवायचं ते चांगलंच, एवढंच त्यांना ठाऊक.

मी त्यांना समजावून सांगितलं. रोगाचीच पानं हवी होती, ती मिळाली असती तर मुनवे हललेच नसते. बाबांच्या हातातली दोरी थांबली.

"म्हंजे केसरीनाथाची वाडी माझ्यामुलं गेली?"

माझ्यासारखी तोंडाळ बाई गप्प बसली, तेव्हा त्यांना उत्तर मिळालं.

संध्याकाळी मी अनगावला परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावरच्या बूथवरून साजिदाला फोन लावला. रविवार होता, ती घरी होती. मागे लूमचा खडखडाट चालू होता, त्यामुळे मला ओरडून सांगावं लागलं. मग ती माझ्याहून मोठ्यानं ओरडली.

"अगं, मग ते विहिरीकडचं बेट साफ आहे!"

"काय?"

"सगळ्या पिशव्यांत त्याच एका बेटाची पानं होती ना? आणि सगळी कोरी आली. एकच बेट मी इतक्या वेळा तपासलंय, चंद्रा! आणि त्याचे मुनवे तुम्ही नेलेच नव्हते. मी पुन्हा तपासते, पण ते साफ असणार. मावा शिरणार नाही अशा जाळीच्या घरात वाढवू आम्ही त्याला. राजेळी जगेल. चल, निघ लवकर."

मी भिवंडीला जाऊन तिला घेतलं आणि दोघी रिक्षानं निघालो. रस्त्यात ट्रेलर आडवे लागलेले. रिक्षा इंचाइंचानं सरकत होती आणि आमच्या तोंडाला खळ नव्हती. केसरीनाथांना कसं मनवायचं, मुनवे कधी काढायचे, बाबांना प्रयोगशाळेत नेऊन जाळीतली केळ कशी दाखवायची, सगळं ठरवून झालं. इतक्या दिवसांनी मी पहिल्यांदा मनमोकळी हसत होते. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

वाडीतून धूर येत होता.

बाबांनी पहाटेपासून एकट्यानं सगळी वाडी खणून काढली होती. कंद फोडले होते, वर रॉकेल ओतलं होतं. रोगट केळ अशीच नष्ट करायची असते, हे साजिदानंच गावात सगळ्यांना सांगितलं होतं. बाबा चिखलानं माखलेले, पहारीला टेकून उभे होते. मी विहिरीकडे पळाले. तिथे नुसता खड्डा होता, त्यातून रॉकेलचा वास येत होता.

"आदी त्येच काढलं," बाबा म्हणाले. "त्येनंच फसवलं मना."

साजिदानं तोंडावर ओढणी दाबली. मी बोलायला तोंड उघडलं, तर तिनं माझा हात धरला. मग ती ढिगाऱ्यात शिरली. विहिरीकडच्या बेटाचं एक अर्धं होरपळलेलं पान तिनं बाबांना दाखवायला लावलं आणि त्याचा न जळलेला तुकडा कापून घेतला. या वेळी पान तिनंच कापलं आणि बाबांनी तिला अडवलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "त्याचा पन समजेल ना?"

"समजेल, काका."

पुढच्या रविवारी साजिदा मला भिवंडीत भेटली. तिचा चेहरा पाहूनच मला कळलं. फिल्म कोरी होती.

आम्ही रिक्षानं वळला गेलो. अंगणात बाबांनी आम्हाला बसायला दिलं आणि स्वतः उभे राहिले. मागे वाडीच्या जागी नांगरल्यासारखी काळी जमीन होती.

"काय निघालं?"

वाटेत मी काहीच ठरवलं नव्हतं. पण त्यांचे हात पाहिले, पहारीनं फोड आलेले, आणि माझ्या तोंडून निघालं, "रोग होता, बाबा. त्याही बेटात होता. बरं केलंत तुम्ही."

बाबांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. लेक आपल्याला किती वेळा थापा मारून खेळायला पळाली, हे त्यांना पक्कं माहीत होतं. ते साजिदाकडे वळले.

"ही खरं बोलते का गं पोरी? तू सांग. तू खोटं न्हाय सांगनार."

साजिदाचा हात पर्सकडे गेला. तिच्या पर्समध्ये ती फिल्म होती. मला वाटलं, आता ही काढून दाखवणार.

"हो, काका," ती म्हणाली. "ठिपका आला."

बाबा आमच्यासमोर येऊन बसले. "मंग बरं झालं," ते म्हणाले. "चांगलं असतं तं मी तुझ्या आयशीला काय तोंड दाखवलं असतं?" आणि त्यांनी आम्हा दोघींसाठी चहा टाकला.

परतताना साजिदा रिक्षात रडली, मीही रडले. आईची केळ गेली याचं मला वाईट वाटत होतंच, पण त्याहून अधिक वाटत होतं ते हे, की ती वाचवायला आम्ही फक्त एक सकाळ उशिरा पोचलो. ते बाबांना कधीच कळू द्यायचं नाही, हे आता आम्हाला जन्मभर निभावायचं होतं.

बाबा पुढे अनगावला येऊ लागले. केसरीनाथांचा रागही ओसरला. दोघे ओट्यावर बसत, आणि कोणी केळीचा विषय काढला की बाबा मोकळेपणानं सांगत, "इहिरीकडचं बेटपन रोगीच निघालं, इवाई. म्हनून समदं उपटलं. इचार पायजे तं चंद्राला." मग सगळे माझ्याकडे बघत. आणि मी, हातातलं काम तसंच ठेवून, दर वेळी होकाराची मान हलवत असे.