बाबांना आधी कळायचं

पोरींची भीती घालवायला म्हणून मी त्या पट्ट्यात हात घातला आणि फसले.

लातूरला ट्यूशनच्या भागात मुलींचं एक हॉस्टेल आहे. डॉक्टर व्हायला निघालेल्या एकशे चाळीस पोरी, आणि त्यांची रेक्टर मी, लुंबिनी. दोन हजार सतरा सालची गोष्ट. परीक्षा जवळ आली की पोरी चक्कर येऊन पडायला लागतात, म्हणून मालकांनी तपासणीचं शिबिर ठेवलं होतं. बीपीच्या मशीनसमोर एक पोरगी बसेल तर शपथ! मनतशा नावाची एक तर खांबाला धरून उभी. मी म्हटलं, "अगं, उद्या तूच लोकांचं बीपी बघणार ना? हे बघ, मी बसते. काही नसतं त्यात."

नर्सबाईनं पट्टा फुगवला, सोडला. परत फुगवला. मग माझ्याकडं न बघताच डॉक्टरांना हाक मारली. वरचं एकशे बहात्तर, खालचं एकशे दहा.

"मशीन बिघडलंय तुमचं," मी म्हटलं.

कशाचं बिघडतंय! माझ्यानंतर मनतशा बसली, तिचं एकशे दहा आणि सत्तर. "मॅडम, काही नसतं त्यात," ती म्हणाली, आणि सगळ्या पोरी खिदळल्या. मीपण हसले. न हसून करते काय?

आता माझं वय तेव्हा सत्तावीस. विद्यापीठाच्या संघातून कबड्डी खेळलेली. रोज सकाळी आठ किलोमीटर पळायचे, वजन छप्पन्न, चहा एकच वेळ. बीपी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर पोट सुटलेला, पन्नाशीचा, दर दोन वाक्यांनी उसासा टाकणारा माणूस यायचा. ते माझ्या अंगात कुठून शिरलं? आठवडाभर रोज मोजलं. पळून आल्यावर एकशे अडतीस, नुसतं बसून राहिल्यावर एकशे सत्तर. म्हणजे बसले की आजारी आणि पळाले की बरी? अशानं माणसानं करावं तरी काय?

शिबिरातले डॉक्टर म्हणाले, रोज एक गोळी, न चुकता. आणि फॉर्म भरताना विचारलं, "घरात कुणाला बीपी?"

"नाही."

"वडील?"

"भूकंपात गेले."

लातूर जिल्ह्यात हे वाक्य म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही. त्यांनीही विचारलं नाही. पुढच्या रकान्यावर गेले.

गोळ्या मी कपाटात टाकून दिल्या. सत्तावीस वर्षांच्या पोरीनं जन्मभर गोळ्या खायच्या, त्यासुद्धा काही दुखत-खुपत नसताना? मला ते पटेचना. आणि पटू नये यासाठी सगळं जग मदतीला धावून आलं. मेसची बाई म्हणाली, लसूण खा. मालक म्हणाले, मॅडम, तुम्ही लई चिडता, त्यानंच होतंय. माझी मामी म्हणाली, लगीन कर, आपोआप उतरतंय. मामीला मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मीठ कमी केलं, लसूण खाल्ला, दहा किलोमीटर पळायला लागले. तीन महिन्यांत आकडा एकशे ब्याऐंशीवर गेला.

दर रविवारी आईला फोन करायचे. आमचं गाव औशाजवळ. आई, पार्वतीबाई, अजून तिथंच एकटी राहते. मी विचारायचे, "आई, आपल्यात कुणाला होतं का गं असलं?" ती म्हणायची, "न्हाई बाई. आपलं खानदान निरोगी. तुझ्या बाबाला तर कधी साधा ताप न्हाई आला."

बाबांचं सांगायलाच पाहिजे. आनंदराज त्यांचं नाव. विहिरी खोदायचे. खरं तर ते भूकंपाच्या दिवशी गेले नाहीत. त्र्याण्णवच्या सप्टेंबरात भूकंप झाला आणि ते डिसेंबरात गेले, धसक्यानं, असं सगळं गाव म्हणतं. मी तीन वर्षांची होते, मला काही आठवत नाही. जे आहे ते ऐकलेलं.

भूकंपानं आमच्या गावातली दगडमातीची मोठी घरं फाटली. पाठोपाठ रोज हादरे. आमची बौद्ध वस्ती गावाबाहेर, बुटकी पत्र्याची घरं आणि समोर मोकळं रान. त्यामुळं जे कधी वस्तीकडं फिरकत नव्हते ते सगळे ताडपत्र्या घेऊन आमच्या दारासमोर राहायला आले. आणि तिथं एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. कुणाला काही जाणवायच्या आधी आनंदराजला कळायचं. बसल्या-बसल्या ते एकदम भुईला हात टेकायचे आणि ओरडायचे, "हललं!" की सगळे बाहेर. कधी पाठोपाठ भांडी वाजायची, कधी नाही. नाही वाजली तर लोक म्हणायचे, बारीक असंल, आपल्याला कळलं नसंल. विहिरी खोदणाऱ्याला जमिनीचं कळतं म्हणे. ते जागे असले तरच लोक डोळा लावायचे. वरच्या आळीची गौरम्मा, जिनं आईला कधी ओट्याला शिवू दिलं नव्हतं, ती बाबांच्या शेजारी पोतं अंथरून बसायची.

डिसेंबरात एका दुपारी बाबा "हललं" म्हणाले. सगळे पळाले, तेच बसून राहिले. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात लुळा. दुसऱ्या दिवशी गेले. वय तेहतीस.

तुम्हाला लगेच कळलं असेल. मला चोवीस वर्षं कळलं नव्हतं. डॉक्टर होणाऱ्या पोरींमध्ये राहून कळलं नव्हतं. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट तपासून बघायची असते, हे कुणाच्या डोक्यात येतं?

शेवटी माझी कबड्डीतली जुनी कॅप्टन बुशरा फोनवर कडाडली, "मरायचंय का तुला? नांदेडला ये, माझा भाऊ बघेल." तिचा भाऊ डॉक्टर मुनीब. मी गेले. आई म्हणाली, मी पण येते. मला वाटलं, काळजीनं येतेय.

मुनीबनी रक्त तपासलं, लघवी तपासली, किडनीची सोनोग्राफी केली, डोळ्यांत औषध घालून आत बघितलं. दुसऱ्या दिवशी आम्हाला दोघींना समोर बसवलं.

"ताई, रक्त, किडनी सगळं साफ आहे. कुठंतरी पाणी मुरतंय, पण सापडत नाही. आणि डोळ्याच्या पडद्यावर खुणा दिसायला लागल्यात. म्हणजे हे तीन महिन्यांचं नाही, जुनं आहे. गोळी आजपासूनच घ्यायची."

"पण मला काहीच होत नाही हो!"

"हाच तर त्याचा दगा आहे. बहुतेकांना काहीच होत नाही."

"म्हंजे पुढं काय हुईल?" आईनं विचारलं.

"मावशी, असंच सोडलं तर एखाद्या दिवशी लकवा मारेल."

आईनं पदर तोंडाला लावला. मुनीब मी भरून दिलेला फॉर्म बघत बोलत होते. "इतक्या कमी वयात, घरात कुणालाच नसताना, इतकं जास्त. मला किडनीला रक्त नेणाऱ्या नळ्यांची शंका आहे. हैदराबादला पाठवतो. शिरेत औषध सोडून फोटो काढतील, लागलं तर मांडीतून तार घालून बघतील."

"तारबीर घालू नका तिला," आई म्हणाली. "तिच्या बाबाला हुतं."

मला वाटलं, ती घाबरून काहीतरी बोलतेय. मुनीबनी पेन खाली ठेवला. "काय होतं, मावशी?"

"हेच. बीपी. भूकंपात बाहेरचे डॉक्टर आले हुते, त्यांनी सगळ्यांचे दंड बांधून बघितले. ह्यांचं दोनशेच्या वर हाय म्हणले. गोळ्या दिल्या, आन म्हणले, उद्याच्या उद्या लातूरला मोठ्या दवाखान्यात न्या."

"मग?"

"न्हाई नेलं."

मी उठूनच उभी राहिले. "आई! तीन महिने दर रविवारी विचारायलेय तुला! निरोगी खानदान म्हणे! माझ्या डोळ्याला खुणा पडल्या, आणि तू..." कानात घण बसत होते. मुनीब म्हणाले, "बसा ताई. आधी बसा." मी बसले.

आई माझ्याकडं बघत नव्हती, टेबलाकडं बघून बोलत होती. "मी म्हणले त्यांना, जाऊ लातूरला. तर ते म्हणले, पारू, आजारी हाय म्हणून कळलं तर माझ्या बोलण्यावर कोण उठंल? आठ दिस थांब. आजच गौरम्मा आपल्या घरचा चहा पिऊन गेली."

"आणि तू थांबलीस?"

"मला बी थांबावं वाटलं गं." ती रडत नव्हती, रडली असती तर मला सोपं गेलं असतं. "माझ्या कपातनं प्याली ती. माझ्यासमोर बसून. मी तो कप धुतला बी न्हाई दोन दिस. ते आठ दिस म्हणले, मग आणखी आठ दिस. गोळ्या घेतल्या तर लोकं बघतील म्हणून त्या बी घेतल्या न्हाईत."

मला तिचा गळा धरावासा वाटला आणि तिला कुशीतपण घ्यावंसं वाटलं. दोन्ही एकदम, आणि दोन्ही खरं. चिडायचं तर कुणावर? बाबांवर? ते तर तेहतीस वर्षांचे, माझ्यापेक्षा सहाच वर्षांनी मोठे. लोकांनी पहिल्यांदा त्यांचं ऐकलं होतं. आठ दिवस तर आठ दिवस, मीसुद्धा म्हटलं असतं. मी तर काहीच कारण नसताना नव्वद दिवस थांबले होते, नुसतं आपण धडधाकट आहोत ह्या गुर्मीत.

तरी माझ्या तोंडून रागानं निघालंच. "मग नंतर आली का गौरम्मा कधी चहाला?"

"मातीला आली हुती," आई म्हणाली. "लांब उभी राहिली."

मग आईनं मुनीबना विचारलं, "डॉक्टरसाब, एक सांगा. ते हललं म्हणायचे तवा जमीन हलायची का न्हाई? का डोकंच फिरायचं त्यांचं?"

मुनीबनी फॉर्म बाजूला सारला. "मावशी, कधी जमीन हलली असेल, कधी चक्कर आली असेल. दोन्ही चालूच होतं तेव्हा. आता कोण सांगणार? मला नाही सांगता येणार."

"मला बी न्हाई," आई म्हणाली. "मी शेजारी बसलेली असायची, तरी न्हाई."

मुनीबनी हैदराबादची चिठ्ठी बाजूला ठेवली. हे वडिलांकडून आलेलं दिसतंय, आधी दोन महिने गोळी, मग बघू, म्हणाले. फॉर्म ओढून त्यांनी लिहायला घेतलं. आईला वाचता येत नाही. ती वाकून बघत होती.

"काय लिहिलं त्यांनी?"

मी वाचून दाखवलं, "वडील. उच्च रक्तदाब. लकवा. वय तेहतीस."

"नुसतं वडील?" आई म्हणाली. "नाव लिहा म्हणावं त्यांचं."

फॉर्मवर नावाला जागा नव्हती. मुनीबनी पेन माझ्याकडं सरकवला. मी समासात आनंदराज असं लिहिलं, आईला बोट ठेवून दाखवलं, आणि तिच्याच बाटलीतलं पाणी घेऊन पहिली गोळी गिळली.