खोगिरावरून न दिसणारे गवत

ऑगस्ट म्हणजे इथला ऐन हिवाळा; दंवाने कुरण गंजल्यासारखे तपकिरी पडले होते. फाटकाशी तणनाशक फवारायचे यंत्र उभे होते आणि त्याचा चालक ओलिवेरा चाकाला टेकून माते, नळीने ओढायचा कडू पाल्याचा काढा, पीत होता. आदेमार घोड्यावरच बसून होता. वडिलांच्या पश्चात हे चाळीस हेक्टर कुरण दोघा भावंडांच्या नावावर झाले होते. त्यावर मेंढ्या चरत त्या थोरल्या निबियाच्या, पण जमिनीचा निर्णय दोघांचा मिळून व्हायचा.

"सगळी हरळी झालीय, ताई," आदेमार म्हणाला. "जुनं गवत कधीच संपलं. एकदा मारून टाकू आणि नवीन पेरू."

"खाली उतरून बघितलंस?"

"तीस वर्षं बघतोय."

"घोड्यावरून."

ओलिवेरा मातेच्या नळीआड हसला.

निबिया चिडली नाही. उन्हाळ्यात ते जुने गवत ओळखायला डोळेही पुरतात. दांड्याच्या टोकाला दोनच तुरे, बेचकीसारखे फाकलेले. त्याला बेचकीच म्हणतात. हरळीला चार-पाच तुरे असतात, पाखराच्या पंजासारखे. पण तुरे मेंढ्यांनी खुडले आणि वरून दंव पडले की खोगिरावरून दोन्ही सारखीच दिसतात, आणि या मुलखातले पुरुष कुरण खोगिरावरूनच पाहतात. औषध मारल्यावर हरळी दोन वर्षांत परतली असती. बेचकी निबियाच्या हयातीत परतणार नव्हती.

तिने कमरेची सुरी काढली आणि फाटकाजवळच जमीन कापली. ढेकळातून दोऱ्यासारख्या बारीक, पांढऱ्या फांद्या लोंबू लागल्या.

"घ्या," आदेमार म्हणाला. "हरळी."

"इथं हरळीच आहे. इथं आजोबा मका लावायचे. नांगर फिरला की ती शिरते."

"आता प्रत्येक ठिकाणी तुला काहीतरी कारण सापडेल."

"म्हणून जागा तू दाखव. मी नुसती कापते."

त्याने चाबकाने उतार दाखवला. तिथे सुरी अडखळली. निबियाने जोर लावून तुकडा उपटला आणि त्याच्यापुढे धरला. बेचकीचे पेन्सिलीएवढे जाड, लाकडासारखे कडक आडवे खोड, जवळजवळ बसलेली पेरे, त्यांवर जुन्या पानांच्या वाळक्या साली. ते जमिनीत खोल गेले नव्हते, तिला लगटून सरपटत होते. ओढ्याकाठी तेच निघाले. टेकाडावरही तेच.

"तू सुरी वीतभर सरकवतेस," आदेमार म्हणाला. "तुला कळतं कुठं मारायची ते."

"मग उतर."

तो हलला नाही.

"मालक, टाकीत अजून नुसतं पाणी आहे, औषध मिसळलेलं नाही," ओलिवेरा दुरून म्हणाला. "होऊ द्या सावकाश."

आदेमार उतरला आणि तिच्या हातून सुरी घेतली. जागा आपणही निवडू नये म्हणून त्याने कुरणाकडे पाठ केली, डोक्यावरची टोपी खांद्यावरून मागे भिरकावली आणि ती पडली तिथे गुडघे टेकले. सुरी अडली. त्याने खोड बाहेर काढले, नखाने साली खरवडल्या, बराच वेळ पाहिले. मग पुन्हा टोपी फेकली.

निबिया त्याच्यामागे गेली नाही. ती चाकाशी जाऊन बसली आणि ओलिवेराने तिला माते भरून दिला.

"बाई, काळजी नाही वाटत?"

"त्यानं हवं तेवढं कापावं. जमिनीखाली दुसरं काही नाहीये."

आदेमार तासाभराने परतला, घोडा हाताने ओढत, गुडघे मातीने माखलेले. बारा ठिकाणी कापले होते. दोन ठिकाणी हरळी निघाली, दोन्ही फाटकाजवळच्या कुंपणाला लागून; बाकी सगळीकडे बेचकी.

"मक्याच्या तुकड्यावर मार," तो ओलिवेराला म्हणाला. "पुढं एक पाऊल टाकायचं नाही."

"एवढ्यासाठी एवढं यंत्र आणवलंत?"

"बोलावलं मीच. ऐकून घेईन." तो बहिणीकडे वळला. "हद्द कुठं धरायची?"

निबिया आधीच उठली होती. जुन्या नांगरटीची कड तिला ठाऊक होती. ती एकेक पाऊल मोजत चालू लागली, आणि आदेमार कुंपणाच्या सुट्या खुंट्या उचलून तिच्यामागे गेला.